पूल येईल तेव्हा येईल, तोवर धड नाव तरी द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली

विषय : नदीघाटांवरील वल्ह्याच्या नावा, नावाडी आणि दर अपघातानंतर निघणारी बंदी

महोदय, महोदया,

हे पत्र पूल मागायला लिहिलेलं नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे ते बांधकाम खात्याकडे 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' जाणार नाही. पुलाची मागणी आमच्या आजोबांनी केली, बापाने केली, आम्हीही केली. उन्हाळ्यात दुर्बीण घेऊन माणसं येतात, वाळूत खुंट्या ठोकतात, झाडाखाली डबा खातात आणि जातात. पावसाळ्यात खुंट्या वाहून जातात. त्याबद्दल आता रागही येत नाही. पूल व्हायचा तेव्हा होईल. पण उद्या सकाळी वैनगंगेच्या या काठावरून त्या काठावर माणसं जाणार आहेत, परवाही जाणार आहेत. ती ज्या डोंग्यातून, म्हणजे गावठी छोट्या नावेतून, जाणार आहेत, त्या डोंग्याविषयी मला बोलायचं आहे.

मी नदीकाठच्या गावातला ढिवर. घरात पिढ्यान् पिढ्या नावाड्याचं काम. काही वर्षं आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचं दप्तरही सांभाळलं, त्यामुळे अर्ज कुठे अडतो हेही थोडंफार ठाऊक आहे.

डोंगा म्हटलं की साहेबलोकांना सहल आठवते, नाहीतर अपघात. मधलं काहीच आठवत नाही, आणि आमचं सगळं जगणं त्या मधल्यात आहे. रोवणीच्या, म्हणजे धान लावणीच्या, दिवसांत बायकांच्या टोळ्या पहाटेच पलीकडे जातात. मजुरी तिकडे चार पैसे जास्त असते, आणि धानाचा पऱ्हा काही पुलाची वाट पाहत थांबत नाही. हिवाळ्यात मिरची तोडायला जातात. कित्येकांची शेती पलीकडे आणि घर अलीकडे आहे, म्हणजे बियाणं, खत, फवारणीचा पंप, सगळं डोंग्यातून. उन्हाळ्यात पात्र उघडं पडलं की आमचीच माणसं वाळूत डांगरवाड्या लावतात. टरबूज, डांगर, काकडी डोंग्यानेच काठाला लागते. ब्रह्मपुरी तालुक्यातलं लाडज तर चहूबाजूंनी वैनगंगेने वेढलेलं गाव. तिथल्या माणसाला दवाखाना गाठायचा तरी आधी डोंगा, आणि पोराला पुढच्या शाळेत घालायचं तरी आधी डोंगा. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते, नदी तिथे उत्तरेकडे वाहते म्हणून तिचं महत्त्व. त्या दिवशी सावली तालुक्याकडच्या काठावरून देवाला येणारी माणसं कशात बसून येतात, हे बंदोबस्तावरच्या कोणत्याही शिपायाला विचारा.

तलावांचं तर आणखी वेगळं. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातले, तलाव आपल्या चारही जिल्ह्यांत हजारोंनी आहेत. नवेगावबांधसारखा मोठा जलाशय असो की गावामागची बोडी, त्यात जाळं टाकायचं, शिंगाड्याचे वेल लावायचे, शिंगाडे तोडायचे, तर एक-दोन माणसांचा छोटा डोंगाच लागतो. शिंगाडा तोडणारा माणूस डोंग्याच्या काठावर जवळजवळ आडवा होतो, एका हाताने वेल उलटतो, दुसऱ्या हाताने फळ खुडतो, आणि काट्यांनी बोटं फुटलेली असतात. त्याला लाइफ जॅकेट घालून हे काम करायला सांगणारा नियम कोणी काढला, तर तो नियम तलावाच्या पाळीवरच राहील. म्हणून पहिली विनंती ही की मासेमारीचा डोंगा आणि माणसं वाहणारी नाव यांना एका कागदात बांधू नका. एकात पोहता येणारा माणूस आपल्या जोखमीवर बसतो. दुसऱ्यात अंगावर तान्हं बाळ घेतलेली बाई बसते.

आता बंदीबद्दल.

2017 च्या जुलैत नागपूरजवळच्या वेणा जलाशयात डोंगा उलटून आठ पोरं गेली. 14 सप्टेंबर 2021 ला वरूड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण बुडाले. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बायका मिरची तोडायला वैनगंगा ओलांडत होत्या. डोंगा उलटला आणि सहा जणी गेल्या. त्याच जानेवारीत, याच वैनगंगेवर, आंभोऱ्याच्या नव्या केबलच्या पुलाचं उद्घाटन झालं. पूल देखणा आहे, मी पाहून आलो, वरून पाच नद्यांचा संगम दिसतो. मला त्या पुलाचा हेवा नाही. पण एकाच नदीवर एकाच महिन्यात झालेल्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हे पत्र पुढे सरकत नाही.

अपघात झाला की दर वेळी तेच होतं. पंचनामा, सांत्वनाची भेट, मदतीचा धनादेश, आणि मग तोंडी किंवा लेखी हुकूम: या घाटावरची नाव बंद. आठ-दहा दिवस पोलीसपाटील काठावर उभा राहतो. त्यालाही पलीकडे शेत असतं, तो तरी किती दिवस उभा राहणार? मग नाव सुरू होते, पण नेहमीच्या घाटावर नाही. खाली, जिथे रस्त्यावरून दिसत नाही तिथे. नेहमीचा घाट पिढ्यांनी पारखलेला असतो. उतार कुठे आहे, खडक कुठे आहे, डोह कुठे सुरू होतो, पाणी कुठे ओढतं, हे बघूनच तो तिथे बसलेला असतो. चोरून टाकलेला घाट फक्त लपायला बरा असतो. शिवाय चोरीची फेरी अंधारात होते, आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून एकेका फेरीत माणसं जास्त भरतात. बंदीने ओलांडणं कमी झालं असं मी आजवर पाहिलेलं नाही.

डोंगा का उलटतो, हे कोणी विचारत नाही. 'क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी' असं छापून येतं. पण क्षमता किती होती, ती कोणी ठरवली, कुठे लिहिली होती? कुठेच नाही. मी हिशेब करून दाखवतो, साधाच आहे. पाच मीटर लांब आणि ऐंशी सेंटिमीटर रुंद डोंगा घ्या. दोन्ही टोकं निमुळती, म्हणजे पाण्यावर टेकलेलं क्षेत्र तीनेक चौरस मीटर. त्यात पंचावन्न किलोचं एक माणूस चढलं की डोंगा दोन सेंटिमीटरच्या आसपास खाली बसतो. रिकाम्या डोंग्याचा काठ पाण्यावर वीतभर, फार तर पंचवीस सेंटिमीटर असतो. नावाडी धरून दहा माणसं बसली की वीस सेंटिमीटर गेले. उरले पाच. म्हणजे चार बोटंही नाहीत. आता एका बाजूची दोन माणसं चप्पल वाहून चालली म्हणून वाकली, तर पाणी आत. पाणी आत आलं की सगळे दचकून दुसऱ्या बाजूला सरकतात, आणि खरा घात तिथे होतो, कारण आत शिरलेलं पाणीही त्यांच्याबरोबर त्याच बाजूला धावतं.

बाजाराच्या दिवशी हाच डोंगा पाहा. मध्ये गॅसचं सिलिंडर, त्यावर तांदळाचं चुंगडं, चुंगड्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या. मागे नावाडी उभा. पुढे कापलेला प्लास्टिकचा डबा घेऊन एक बाई तळाचं पाणी सारखं उपसते, बोलता बोलता, हाताकडे न बघता. मोटारसायकल न्यायची तर दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकतात, तो जोडडोंगा मात्र खरोखर भरवशाचा, कारण रुंदी दुप्पट झाली की तो सहजासहजी कलत नाही. गंमत अशी की गाडीसाठी दोन डोंगे जोडले जातात आणि माणसांसाठी एकच. गाडीवाला भाडं जास्त देतो ना!

याहून मोठी गोष्ट पुढे आहे, आणि ती कोणत्याही चौकशी अहवालात मी वाचलेली नाही. डोंगा बदलला आहे.

पूर्वी डोंगा अख्ख्या बुंध्यातून कोरलेला किंवा जाड फळ्यांचा असायचा. फळ्यांच्या सांध्यात ताग ठोकून वर डांबर ओतायचं, दरवर्षी पावसाळ्याआधी उलटा घालून ते पुन्हा करायचं. आता तसा सरळ, जाड बुंधा गावच्या माणसाला मिळत नाही, आणि मिळाला तर वनखात्याच्या नाक्यावरून येत नाही. जंगल राखायचं म्हणून नियम आहेत, त्यावर माझी तक्रार नाही. पण त्यामुळे झालं असं की तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात पत्र्याचे डोंगे बनू लागले. कूलर बनवणारा, शेतीची फाटकं बनवणारा माणूसच डोंगा बनवून देतो. स्वस्त पडतो, डांबर लागत नाही, दोन माणसं उचलून नेतात.

लाकडाचा डोंगा उलटला तरी तरंगतो. आमच्या घरात पोराला पोहण्याच्या आधी हे शिकवतात की डोंगा उलटला तर काठाकडे हात मारत सुटायचं नाही, डोंग्याला चिकटायचं. तो वाहत वाहत कुठेतरी लागेलच. पत्र्याचा डोंगा पाण्याने भरला की दगडासारखा तळाला जातो. माणसांना धरायला काही उरतच नाही. पोहता न येणाऱ्या बायकांच्या हाताला फक्त एकमेकींचे हात लागतात. पिढ्यांची शिकवण आपली तीच राहिली आणि खालची वस्तू बदलली.

यावर उपाय आहे आणि तो इतका हलका आहे की सांगायला संकोच वाटतो. सव्वाशे किलोचा पत्र्याचा डोंगा बुडू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना आणि बसायच्या फळ्यांखाली वीस लिटरचे सहा-सात रिकामे डबे, बूच घट्ट लावून, पक्के बांधले की तो पाण्याने भरला तरी तरंगत राहतो. दुप्पट बांधले तर धरून लटकलेल्या माणसांनाही आधार देतो. थर्माकोल भरून टोकं पत्र्याने बंद केली तर आणखी चांगलं. तेलाचे डबे आहेत हो, भंगारवाल्याकडे मिळतात! शासनाने निदान एवढा एक नियम काढावा: ज्या डोंग्यात माणसं बसतात, तो पाण्याने भरून दाखवायचा, तरंगला तरच घाटावर लागेल. तपासायला इंजिनिअर नको, ग्रामसेवक पुरे.

दुसरा बदल नदीत झाला. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाचा पाया 1988 साली घातला गेला, पुढे पाणी अडलं, आणि वर-खाली ठिकठिकाणी बंधारे, बॅरेज आले. सिंचन हवंच होतं, धानाला पाणी कोणाला नको? पण जिथे पूर्वी उन्हाळ्यात कमरेएवढं पाणी असे आणि आम्ही बांबू रोवत रोवत पलीकडे जायचो, तिथे आता बारमाही फुगवटा आहे. चार मीटरचा बांबू तळाला टेकत नाही. बांबू टेकला नाही की नावाड्याच्या हातात काहीच नसतं. तो मागे उभा राहून बांबूनेच पाणी ढकलतो, डोंगा फिरतो, वारा सुटला की भलतीकडे जातो. वाहत्या नदीत लाटा नसतात, रुंद साचलेल्या पाण्यात असतात, आणि उन्हाळ्याच्या वावधानात त्या चांगल्या हातभर उठतात.

अशा पाण्याला वल्ह्याचीच नाव हवी. रुंद बुडाची, दोन्ही बाजूंना पक्क्या खुंट्या, खुंट्यांत अडकवलेली दोन लांब वल्ही, आणि ओढणारा माणूस मधोमध बसलेला. उभा नाही, बसलेला! उभ्या माणसाने नावेचा तोल वर जातो. वल्हेकरी पाठ पुढे करून बसतो, त्यामुळे त्याला मागचा काठ दिसतो आणि पुढचा दिसत नाही. म्हणून समोर नजर ठेवायला दुसरा माणूस लागतो, हेही ध्यानात ठेवावं. पण पायांचा रेटा आणि पाठीचं बळ लागलं की तीच दोन माणसं दुप्पट वजनाची नाव वाऱ्याविरुद्ध नेतात. आमच्याकडे बहुतेक नावाडी आजही बांबूवर वाढलेले आहेत. त्यांना वल्हं शिकवावं लागेल. शिकतील. शिकवणारे आमच्यातच जुने लोक आहेत, फक्त त्यांना दोन दिवसांची मजुरी द्या आणि प्रशिक्षणाच्या नावाखाली जिल्ह्याच्या सभागृहात पडदा लावून बसवू नका.

यावर नेहमीचं उत्तर येतं की आम्ही इंजिनाची बोट देतो. ती दिलीही जाते. मी एका तालुक्याच्या ठिकाणी शेडमध्ये अशी बोट पाहिली. फुलांचा हार अजून तिच्या नाकाला होता, वाळलेला. इंजिनाला पेट्रोल कोणी भरायचं हे कागदावर नव्हतं, चालवणारा नेमलेला नव्हता, आणि प्लग खराब झाल्यावर तो बदलायला नागपूरला न्यावं लागेल असं सांगितलं गेलं. मी इंजिनाच्या विरुद्ध नाही. पुरात, ओढ असलेल्या पाण्यात, बाळंतिणीला घाईने न्यायचं असेल तर इंजिनच पाहिजे. पण रोजच्या फेरीला, फुगवट्यातल्या बेशरमीच्या झुडपांत, जलपर्णीत आणि आमच्याच जाळ्यांच्या दोऱ्यांत पंखा अडकतो. वल्हं अडकत नाही. मोडलं तर गावचा सुतार संध्याकाळपर्यंत दुसरं करून देतो.

आणि लाइफ जॅकेट. वाटप झालं नाही असं नाही. फोटो निघाले, पेपरात आले. नंतर ती जॅकेटं ग्रामपंचायतीच्या कपाटात गेली, कारण ती 'साहित्य' आहेत आणि साहित्याची नोंदवही असते. चावी ज्याच्याकडे तो सकाळी अकराला येतो. मजुरांची फेरी पहाटे साडेपाचला असते. जी काठावर राहिली ती ओली, कुबट, उंदरांनी कुरतडलेली. बायका घालत नाहीत अशी तक्रार साहेबलोक करतात. पण आधीच्या फेरीतल्या परक्या माणसाच्या घामाने भिजलेलं जॅकेट नऊवारीवर चढवून, वर डोक्यावर टोपलं धरून बसायचं कसं, हे एकदा करून पाहावं. पट्टे पुरुषाच्या छातीच्या मापाचे असतात, पोरांसाठी तर मापच नसतं. घाटावर ताटव्याची का होईना एक खोपी, तिच्यात दोरीवर वाळत घातलेली जॅकेटं, लहान-मोठी मापं, आणि ती नावाड्याच्या ताब्यात, त्याची भाडेवसुली त्यावर अवलंबून. जॅकेट नाही तर फेरी नाही. हे नावाडी करू शकतो, कारण काठावर त्याचाच शब्द चालतो. तलाठी करू शकत नाही, कारण तो तिथे नसतो.

नावाड्याचं बोलतोच आहे तर पूर्ण बोलतो. आमच्या गावात घरटी वर्षाकाठी धान ठरलेलं असायचं, गावकऱ्याने बसायचं आणि सुगीला मापून द्यायचं, बाहेरच्याने रोख. आता धान कमी झालं, रोख वाढली, आणि रोख म्हणजे जितकी माणसं तितके पैसे. तुम्ही क्षमता ठरवून दिलीत की आठच माणसं बसवा, तर नवव्या माणसाचे पैसे नावाड्याच्या पोटातून जातात. म्हणून नुसता आकडा रंगवून चालणार नाही. काठावर दोन बोटं जाडीची पांढरी रेघ मारा, ती पाण्याखाली गेली की नाव सोडायची नाही. पोरालाही कळेल अशी खूण आहे ती. पण त्यासोबत नावाड्याला महिन्याचं काहीतरी ठरावीक मानधन द्या, म्हणजे त्याला नववं माणूस नाकारता येईल. ते कोतवालाला मिळतं, मग आमच्या नावाड्याला का नको? ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगा चढली, ब्रह्मपुरी तालुक्यातली गावं पाण्यात गेली, तेव्हा रबरी बोटींची पथकं यायच्या आधी घराच्या छपरावरून माणसं कोणी उतरवली? पुरात आम्ही 'स्थानिक कुशल मनुष्यबळ' असतो आणि इतर वेळी 'बेकायदा प्रवासी वाहतूक करणारे'. त्या दिवसांत फुटलेल्या डोंग्यांची भरपाई मागायला गेलेल्यांना विचारलं गेलं की डोंग्याची नोंद आहे का. नोंद कुठे करायची असते, हे मात्र विचारणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

माहीत करून घ्यायला कायदा आहे. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, आणि त्यात बिनइंजिनाच्या नावांची नोंद जिल्हा, तालुका, पंचायत अशा खालच्या पातळीवर व्हावी असं धरलेलं आहे. म्हणजे अधिकार दिल्ली-मुंबईत अडकलेला नाही. मत्स्यव्यवसाय खातं मासेमारीच्या नौकेला, जाळ्याला मदत देतं, ते चांगलंच आहे. पण माणसं नेणारी नाव मत्स्य खात्याच्या दृष्टीने मासेमारीची नाही, बांधकाम खात्याच्या दृष्टीने रस्ता नाही आणि एसटीच्या दृष्टीने गाडी नाही. आपल्या प्राधिकरणाच्या टेबलावर हे सगळे एकत्र बसतात, म्हणूनच पत्र आपल्याला.

एका गोष्टीला पैसाही लागत नाही. गोसीखुर्दचे तेहतीस दरवाजे आहेत. त्यातले किती, किती मीटरने, किती वाजता उघडणार हे आपल्या कार्यालयाकडून व्हॉट्सॲपवर सरपंच, पोलीसपाटील, तलाठी यांना येतं. नावाड्याला येत नाही. पात्राच्या मधोमध असलेल्या एकमेव माणसाला ते कळत नाही! प्रत्येक घाटाच्या नावाड्याचा नंबर त्या यादीत घाला. अर्ध्यांकडे साधा फोन आहे, त्यांना संदेश वाचता येणार नाही, म्हणून फोन करून सांगा. घाटावर एक लाल झेंडा द्या; नावाड्याने तो चढवला की सरपंचाच्या जावयासाठीही नाव सुटणार नाही, असं लेखी द्या. जावयाचं उदाहरण मी उगाच दिलेलं नाही.

तर मागणं एवढंच. येत्या पावसाळ्याआधी चारही जिल्ह्यांतल्या चालू घाटांची खरी यादी करा. बंद दाखवलेले पण चालू असलेले घाटही त्यात येऊ द्या, असा घाट सांगणाऱ्यावर गुन्हा नोंदवू नका. फुगवट्याच्या ज्या घाटांवर बांबू टेकत नाही, तिथे आधी वल्ह्याच्या रुंद नावा द्या. लाकडाच्या द्या, फायबरच्या द्या, पण भरून बुडवून पाहिलेल्या द्या. नावांचं काम मोठ्या शहरातल्या ठेकेदाराला देण्याआधी इथल्या सुतारांना आणि ढिवरांच्या संस्थांना नमुना दाखवा, ते करून देतील आणि पुढे दुरुस्तही तेच करतील. वनखात्याच्या डेपोत पडून असलेलं लाकूड संस्थांना माफक दरात मिळेल का, हे त्या टेबलावर एकदा विचारा. तोवर पत्र्याच्या डोंग्यांत डबे बांधण्याचं काम तर या आठवड्यातही होईल.

आपण घाटावर यावं, अशी विनंती आहे. दौरा ठरवून, काठ झाडून घेतलेल्या दिवशी नको. रोवणी सुरू झाली की कोणत्याही बाजारवारी, पहाटे पाचला. शासकीय गाडी वरच्या रस्त्यावर ठेवावी लागेल, खाली चिखल असतो. पायांत चप्पल चालेल, बूट नको, डोंग्यात बूट घालून बसू देत नाहीत. आठवी जागा आपल्यासाठी राखून ठेवायला सांगतो. आपल्यासोबतच्या पीए साहेबांना दुसऱ्या फेरीत यावं लागेल.

कळावे.

आपला,
वैनगंगेकाठचा एक ढिवर, मच्छीमार सहकारी संस्थेचा माजी सचिव

प्रत माहितीसाठी : अध्यक्ष, जिल्हा परिषद (चारही), आणि नदीकाठच्या सर्व ग्रामसभांना, वाचून दाखवण्यासाठी